शालिग्रामने बांधले

फॉर्मवर एकच रकाना रिकामा राहिला होता. सातवा. ‘वास्तू मुळात कोणी बांधली? नाव व पुरावा.’

बाकीचं सगळं मी भरून टाकलं होतं. लांबी-रुंदी, खोल्या, दारं-खिडक्या. सध्याच्या वापरापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘महिला शिवण वर्ग, एकोणीस वर्षांपासून.’ हा वर्ग मीच चालवते. सगळ्या मला अक्का म्हणतात. कागदावर मी बेबाबाई निंबा महाजन, शिक्षण दहावी पास.

गावाचं नाव सांगत नाही, कारण ते घर अजून उभं आहे. अमळनेरहून धुळ्याला जाताना लागणाऱ्या गावांपैकी एक, एवढंच धरा. काळ्या दगडाचं, बसकं, मजबूत घर. कुणी त्याला साहेबाचा बंगला म्हणतं, कुणी कापूसवाल्याचं घर. कुणा बाहेरगावच्या शेठने ते बांधून घेतलं, वर्षभरही राहिला नाही, कुलूप लावून गेला आणि परत आला नाही, एवढंच गावाला ठाऊक. पुढे फिरत फिरत ते नगरपंचायतीकडे आलं आणि तिथल्या मोठ्या खोलीत आमच्या बावीस मशिनी आल्या.

गेल्या उन्हाळ्यात घर पाडून तिथे गाळे बांधायचं ठरलं. बांधकामाचे इंजिनियर जितेंद्र साहेब भला माणूस. त्यांनीच फॉर्म आणून दिला. म्हणाले, “अक्का, जुन्या वास्तूंच्या यादीत याचं नाव गेलं ना, तर कुणी वीट हलवू शकणार नाही. पण एकही रकाना रिकामा नको. पंधरा दिवस आहेत.”

बावीस जणींत शेवंताबाई होती. तिला नवऱ्याने टाकलेलं, ब्लाउज शिवून दोन पोरींना शिकवत होती. तिने मला दुसऱ्या दिवशी विचारलं, “अक्का, आपल्याला दुसरीकडे जागा मिळेल?” तेव्हाच मी ठरवलं, सातवा रकाना भरायचाच.

आता त्या भिंतीबद्दल सांगते.

मोठ्या खोलीची उत्तरेकडची भिंत. घराच्या बाकी भिंती दीड हात जाड, ही तीन हात. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही, पण त्या भिंतीला हात लावला की ओल्या माठाला लावल्यासारखा गार. तिच्याजवळ चार नंबरची मशीन. ती मिळवायला रोज भांडण.

“अक्का, हिला उठवा. दोन दिवस झाले, एसीमध्ये बसलीय,” असं हेमांगी ओरडायची. हेमांगी माझ्या हाताखाली शिकवते. सव्वीस वर्षांची, तोंडाने फटकळ, हाताने सफाईदार.

भिंतीला वासही होता. भिजवलेल्या चुन्याचा. ऐन उन्हाळ्यात, सगळं कोरडं ठणठणीत असताना. आणि दुपारी लाइट गेली, मोटारीच्या मशिनी थांबल्या, पंखे थांबले, की एक बारीकसा आवाज यायचा. ठक… टिंग. थोडं थांबून पुन्हा ठक… टिंग. जाड लाकडावर काही आपटावं आणि त्याच्या मागोमाग बांगडी वाजावी, तसा. कुणी म्हणायचं पाल आहे, कुणी म्हणायचं दगड तापून वाजतात. एकोणीस वर्षं मी तो आवाज ऐकला आणि कधी विचार केला नाही. घरातल्या घड्याळाकडे कोण लक्ष देतं?

सात-आठ दिवस मी सगळीकडे विचारत फिरले. कागद कुठेच नव्हते. जे होते ते वाळवीने खाल्लेले. शेवटी हेमांगीच म्हणाली, “अक्का, जुनी माणसं दगडावर नाव कोरायची ना? या भिंतीला वर एक चौकोन दिसतो बघा, चुन्याखाली.”

खरंच दिसत होता. चार नंबरच्या मशिनीच्या बरोबर वर, हात उंच केला तरी पुरणार नाही एवढ्या उंचीवर. टेबलावर स्टूल ठेवून मी चढले. दरवर्षीच्या रंगाचे थर बसले होते. ओल्या फडक्याने, मग बोथट कात्रीने, हळूहळू खरवडलं. खाली कोरीव अक्षरं. वाचता येईनात, म्हणून मी आमच्याच पद्धतीने केलं. कटिंगचा खाकी कागद दगडावर धरला आणि वरून मार्किंगचा खडू आडवा घासत गेले. लहानपणी आपण नाण्याचा ठसा घ्यायचो तसा.

अक्षरं कागदावर उतरली. पहिल्या ओळीत ‘शालिग्राम’, स्वच्छ. त्याला जोडून एक अक्षर, ज्याची उभी रेघ होती आणि वर मात्रा होती, पण डावीकडचा भाग झिजून गेलेला. मग वीतभर कोरी जागा. तिथे काहीच कोरलेलं नव्हतं, दगड नुसताच घासून गुळगुळीत केलेला. त्याखाली ‘बांधले’. आणि शके १८३६, म्हणजे एकोणीसशे चौदा.

“शालिग्राम… काय?” हेमांगीने खालून विचारलं.

“ने,” मी म्हटलं. “शालिग्रामने बांधले.”

मला एक क्षणही शंका आली नाही. का आली नाही, तेही सांगते. मी खेड्यातली. घरी आम्ही अहिराणी बोलायचो. पाचवीत तालुक्याच्या शाळेत आले आणि पहिल्याच दिवशी म्हटलं, “गुरुजी, माले पानी पेवानं शे.” सगळा वर्ग हसला. गुरुजींनी मला ‘मला’ हा शब्द शंभर वेळा लिहायला लावला. त्या दिवसापासून मी माझ्या जिभेवरचं, ‘ला’च्या जागी येणारं ‘ले’ पुसत आले. आमच्या बायकांनाही मी सांगते, बोलताना काहीही बोला, पण कागदावर शुद्ध लिहा. अर्धं अक्षर दिसलं तर मला शुद्धच दिसणार.

सातव्या रकान्यात मी लिहिलं, ‘शालिग्राम यांनी.’ खाली जितेंद्र साहेबांनी एक ओळ लिहून घेतली, ‘सदर लेख मी स्वतः वाचला आहे,’ आणि त्याखाली माझी सही. बेबाबाई.

दिवाळीनंतर पत्र आलं. घर यादीत आलं होतं. बायकांनी मला पेढा भरवला, शेवंताबाई रडली. आणि पत्रासोबत दुरुस्तीची मंजुरी होती. भिंतींना भोकं पाडून पंपाने आत सिमेंट भरायचं, म्हणजे अजून शंभर वर्षं हलणार नाहीत.

दुरुस्तीला रुपचंद मिस्त्री आला. तीन भिंती दोन दिवसांत झाल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने उत्तरेच्या भिंतीला भोक पाडलं. ड्रिल बाहेर काढलं आणि तो दचकून मागे सरला.

“अक्का, आतून वारा येतोय.”

मी भोकासमोर हात धरला. खरंच येत होता. गार, ओल्या चुन्याच्या वासाचा. एकसारखा नाही. येई, थांबे, येई…

“पोकळ असेल,” मी म्हटलं.

“पोकळ कशी? दगडी भिंत आहे.” त्याने भोकाला कान लावला. बराच वेळ लावला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “काही वाजतंय.”

मला ते न कान लावताही ऐकू येत होतं. ठक-टिंग, ठक-टिंग, ठक-टिंग. इतक्या घाईने ते कधी वाजलं नव्हतं.

“पंपाचा धक्का लागत असेल,” मी म्हटलं. पंप सुरूच झाला नव्हता. पण बाहेर गाडी खोळंबली होती, दुसऱ्या दिवशी साहेब पाहणीला येणार होते, आणि मला माझा वर्ग सुरू करायचा होता. मी म्हटलं, “भरा.”

हा शब्द माझा आहे. दुसऱ्या कुणाचा नाही.

बाकीच्या भिंतींना भोकामागे अर्धी गोणी लागली होती. या एका भोकात सात गोण्या गेल्या. रुपचंद घाम पुसत म्हणाला, “काय पितेय ही भिंत!” सातव्या गोणीला भोकातून राखाडी पाणी उलटून बाहेर आलं. आवाज एकदा आला. ठक. त्याच्यामागचं टिंग आलं नाही. मी उगीचच त्याची वाट बघत उभी राहिले.

त्यानंतर भिंत इतर भिंतींसारखी तापू लागली. चुन्याचा वास गेला. “गेला आपला एसी,” हेमांगी म्हणाली आणि चार नंबरच्या मशिनीसाठीचं भांडण संपलं.

काळ्या ग्रॅनाइटची पाटी करायची ठरली. ‘ही वास्तू शालिग्राम यांनी बांधली.’ साहेब म्हणाले, त्यांच्या घरचं कुणी मिळालं तर त्यांच्याच हस्ते पाटी लावू. रुपचंदला विचारलं. त्याचं सगळं खानदान गवंडीकामातलं. तो म्हणाला, “शालिग्राम नावाचा एक पट्टीचा गवंडी होऊन गेला, असं आमचे आबा सांगायचे. त्याची नात आहे, तानुबाई. बोरी नदीकाठी राहते. नव्वदीची आहे, पण कान शाबूत आहेत.”

मी आणि हेमांगी एसटीने गेलो. सकाळची वेळ, थंडीचे दिवस, शेतात कापूस वेचणी चालली होती. मी सोबत साडी-चोळी घेतली होती, पेढे घेतले होते आणि तो खाकी कागद गुंडाळून घेतला होता. मनात इतकी खूश होते. एका विसरलेल्या माणसाचं नाव मी परत आणून दिलं, असं वाटत होतं.

तानुबाई ओट्यावर उन्हात बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात गोधडीची सुई. शेजारी बसलेली सून तिला दोरा ओवून देत होती.

“कोन शे?”

मी नाव-गाव सांगितलं. ती म्हणाली, “बस वं माय,” आणि सरकून जागा दिली. मी तिला सगळं सांगितलं. घर वाचलं, पाटी लागणार, तुमच्या आजोबांचं नाव दगडावर सापडलं.

“काय लिखेल शे?”

“शालिग्रामने बांधले.”

तिने सुई टोचायची थांबवली.

“ने?” ती म्हणाली. “ने कोन बोलस वं? आम्ही काय पुन्याना शेतस का?”

हेमांगी हसली. मीही हसले. मग मी म्हटलं, “आजी, मग तुम्ही कसं म्हणाल?”

“शालिग्रामनी बांधं. नी.”

माझ्या हातातला कागद मी उलगडला. का उलगडला, मला माहीत होतं आणि नव्हतंही. ‘नी’ असता तर वेलांटी असती. दगडावर मात्रा होती. मी स्वतःच ती खडूने घासून काढली होती, ठसठशीत. मी तिच्यावर बोट ठेवलं आणि शाळेत पाचवीत पुसलेलं अक्षर माझ्या तोंडात आपोआप आलं.

“ले,” मी म्हटलं.

“हां. शालिग्रामले,” तानुबाई म्हणाली.

“म्हणजे… शालिग्रामसाठी बांधलं?”

“गवंडीकरता कोन बंगला बांधस, पोरी?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “त्याले बांधं. भितमा.”

त्याला बांधलं, भिंतीत. सून दोरा घेऊन उठून आत गेली. तिने हे आधी ऐकलेलं असावं.

तानुबाई सांगत गेली. ते सगळंच तिच्या बोलीत मी इथे लिहीत नाही, लिहवत नाही. उत्तरेची भिंत तीनदा पडली. शेठला कुणीतरी सांगितलं, बांधणाराच आत राहिला तर भिंत धरून ठेवेल. चौथ्यांदा भिंत पडली नाही. शालिग्रामची बायको, म्हणजे तानुबाईची आजी, दुपारी भाकर घेऊन गेली, तर तिला सांगितलं, तुझा नवरा सुरतेला पळून गेला. ती रडत माघारी वळली आणि तिला आवाज आला.

“थापी वाजनी,” तानुबाई म्हणाली. थापी म्हणजे गवंड्याचं चुना ठोकायचं लाकडी अवजार. “तिनी वळखी ना वं. त्यानी थापीना दांडाले तांबानं कडं व्हतं. ढिलं व्हतं. पहिले ठक वाजे, मंग टिंग.”

हेमांगीने माझा दंड धरला. तिची नखं मला लागली.

“किती दिवस… वाजत होती?” मी विचारलं.

“मोठमाय मरेपावत भाकर लई जाये. तीस वरीस. भितना बुडले ठेवी ये. थापी थांबनीच नही, मंग ती कसी थांबी?” मोठमाय म्हणजे आजी; मरेपर्यंत ती भिंतीच्या बुडाशी भाकर ठेवून येत होती.

मी विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं, “मग हा दगड कुणी कोरला? ज्यांनी हे केलं ते कशाला लिहून ठेवतील?”

तानुबाईने पांढरे डोळे माझ्याकडे वळवले.

“लिखता बठ्ठा गवंडीसमा एकलेच ये,” ती म्हणाली. “त्यालेच.” सगळ्या गवंड्यांत लिहिता येणारा तो एकटाच होता.

मग खालच्या आवाजात, जणू घरच्या माणसाची ख्यालीखुशाली विचारावी तसं, तिने विचारलं, “आते वाजस का वं?”

“नाही,” मी म्हटलं. “आता थांबली.”

“थांबनी?” ती पुढे झुकली. “कोनी थांबाडी?”

मी साडी-चोळी तिच्या मांडीवर ठेवली, पाया पडले आणि उठले. तिने दोन्ही हातांनी माझं मनगट पकडलं, खूप जोरात, आणि पुन्हा विचारलं, “कोनी थांबाडी, माय?” मी सांगितलं नाही. हेमांगीनेही नाही.

दुसऱ्याच दिवशी मी जितेंद्र साहेबांकडे गेले. म्हटलं, ती भिंत फोडा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं. म्हणाले, “अक्का, म्हातारं माणूस, काहीही बोलतं. आणि भिंत फोडायची म्हणता? घर यादीत गेलंय. आता तिथे खिळा मारायचा तरी वरून परवानगी लागेल. तुमच्याच सहीने झालंय ना हे?” मी अर्ज दिला. त्याचं उत्तर आलेलं नाही. पाडायचं ठरलं होतं तसं घर पाडलं असतं, तर शालिग्राम मोकळा झाला असता. हे मला रोज शिवताना आठवतं. मीच ते वाचवलं.

पाटी लागलीच नाही. ग्रॅनाइटचा दगड कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. हेमांगी वर्ग सोडून धुळ्याला गेली. बाकीच्यांना मी काही सांगितलेलं नाही. शेवंताबाईची मोठी पोरगी यंदा बारावीला आहे.

आता शेवटचं.

संक्रांतीनंतर एका सकाळी मी कुलूप काढलं, तर चार नंबरच्या मशिनीवर पांढरी भुकटी पडलेली. चुना. बोटाला ओला लागला. मी फडक्याने पुसून घेतला. आठवड्याने पुन्हा. तेव्हा मी टेबलावर स्टूल ठेवून वर चढले. ‘शालिग्राम’ आणि ‘बांधले’ यांच्या मधल्या त्या वीतभर गुळगुळीत जागेवर एक अक्षर होतं. नवं, कडा धारदार, अजून आत ओल धरलेली.

‘बे.’

फेब्रुवारीत दुसरं आलं. ‘बा.’

मार्चमध्ये तिसऱ्याची नुसती उभी रेघ आली. डावीकडचा भाग अजून कोरायचा आहे. त्या दिवशी भिंतीला हात लावला, तर ती पुन्हा गार होती.

मी कुणाशी बोलले नाही, पण विचार खूप केला. त्याला लिहिता येतं, पण तो आमच्यासारखंच लिहितो. शुद्ध नाही, घरचं. ज्याने बांधलं त्याला तो ‘नी’ लावेल, म्हणजे वर वेलांटी येईल; ज्याला बांधलं त्याला ‘ले’, म्हणजे मात्रा. बेबानी बांधले. ते खरं आहे. ते मी मान्य करते. रोज सकाळी कुलूप काढताना मी हात जोडून तेवढंच म्हणत होते, वेलांटी येऊ दे.

आज सकाळी मशिनीवर चुना होता. मी स्टूल लावलं, वर चढले.

मात्रा आहे.